मोरोक्कोत राजा वाटेल त्याला पंतप्रधान करतो? थांबा जरा

मोरोक्कोची निवडणूक म्हटलं की कोणीतरी हमखास बोलतंच, अहो तिथे मतदान नुसता देखावा, राजा मनाला येईल त्याला पंतप्रधान करतो. हे पूर्वी खरं होतं बरं का, 2002 मध्ये समाजवादी पक्षाच्या सगळ्यात जास्त जागा आल्या तरी राजाने द्रिस जेत्तू नावाच्या, कुठल्याच पक्षात नसलेल्या माणसाला बसवलं. पण 2011 ला नवीन राज्यघटना आली आणि त्यातलं कलम 47 सांगतं की सरकारचा प्रमुख, म्हणजे पंतप्रधान, निवडणुकीत पहिल्या नंबरवर आलेल्या पक्षातलाच हवा. आता गंमत बघा, कलमात "पक्षातला" आहे, "पक्षाचा नेता" असं कुठेच नाही. म्हणून 2016 ला पीजेडी या इस्लामी विचारांच्या पक्षाला 395 पैकी 125, म्हणजे सगळ्यात जास्त जागा मिळाल्या, पक्षाचा नेता बेनकिरान याला पाच महिने आघाडी जमेना, तर राजाने त्याला काढून त्याच पक्षाचा ओथमानी आणला, म्हणजे नियमही पाळला आणि स्वतःचंही चाललं! 2021 ला हाच पीजेडी थेट 13 वर आपटला आणि 102 जागा घेऊन पहिल्या आलेल्या आरएनआय पक्षाचा नेता अखन्नूश पंतप्रधान झाला. बाकी सैन्य आणि धर्म आजही राजाच्याच हातात, ते मात्र अफवा नाही.