चीनचा कागद कोणत्या खात्यात?

चीन आणि जर्मनी यांच्या कागद-पुठ्ठ्याच्या आयातीचे आलेख शेजारी ठेवले की निष्कर्ष ठरलेला असतो: जर्मनी परावलंबी, चीन स्वयंपूर्ण. 2016 साली चीनमध्ये कागदाचा वापर 10 कोटी टनांच्या घरात होता, तर तयार कागदाची आयात 30 लाख टनांच्या आसपास. जर्मनीची लोकसंख्या चीनच्या सोळाव्या हिश्श्याइतकी, तरी तिची आयात याहून कितीतरी मोठी.

पण सीमाशुल्काच्या जागतिक वर्गीकरणात कागद दोन ठिकाणी विभागला जातो. तयार कागद-पुठ्ठा प्रकरण 48 मध्ये, लगदा आणि रद्दी प्रकरण 47 मध्ये. त्याच 2016 मध्ये चीनने सुमारे 2.8 कोटी टन रद्दी बाहेरून आणली! दुसरीकडे, जर्मनी कागद घेते तसा भरपूर विकतेही. एका प्रतीचा येतो, दुसऱ्या प्रतीचा जातो.

एवढी रद्दी कशाला? तंतूंसाठी. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. ओल्या लगद्यात तंतूची भिंत पाण्याने फुगून मऊ होते. पाणी उडू लागले की पृष्ठताण शेजारचे तंतू जवळ ओढतो आणि मधला पाण्याचा थर गेला की ते हायड्रोजन बंधांनी एकमेकांना चिकटतात. कागदाची ताकद प्रामुख्याने हीच. मात्र हेच तंतूच्या भिंतीच्या आतही घडते. तिथली सूक्ष्म रंध्रे सुकताना मिटतात, पापुद्रे इतके घट्ट बिलगतात की पुन्हा भिजवले तरी सगळे सुटत नाहीत. याला हॉर्निफिकेशन म्हणतात. असा तंतू ताठ राहतो, शेजाऱ्यावर नीट चपटा बसत नाही, बंध कमी जुळतात. लाकूड नुसते दळून केलेल्या यांत्रिक लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडात तंतूंना बांधून ठेवणारा पदार्थ, शिल्लक असतो; तिथे हा परिणाम कमी असतो. रसायनांनी लिग्निन काढलेल्या रासायनिक लगद्याचे सर्वाधिक नुकसान पहिल्याच सुकण्यात होते. पुन्हा कुटून रंध्रे काहीशी उघडतात, पण तंतू तुटतात. फेऱ्या वाढतील तसे अधिकाधिक तंतू निकामी होतात. ‘अनंत वेळा पुनर्वापर’ ही जाहिरात साफ खोटी आहे, आणि ती शाळकरी मुलांपर्यंत विज्ञान म्हणून पोहोचते याचे वाईट वाटते.

म्हणून ताज्या, लांब तंतूंना किंमत. पाइन-स्प्रूसचा तंतू सुमारे 3 मिलिमीटर, निलगिरीचा जेमतेम 1. अमेरिकेत वापरलेल्या खोक्यांमधल्या क्राफ्ट कागदात, म्हणजे मजबूत तपकिरी कागदात, असे लांब तंतू भरपूर. चिनी माल पोहोचवून रिकामे परतणारे कंटेनर हीच खोकी गठ्ठे बांधून घेऊन येत.

2017 अखेरीस चीनने वर्गीकरण न केलेल्या रद्दीची आयात थांबवली; 1 जानेवारी 2021 पासून सर्वच घनकचऱ्याला बंदी आली. तंतूंची गरज काही संपली नाही. चिनी कंपन्यांनी मलेशिया, लाओसमध्ये कारखाने उभारले. तिथे रद्दीचा लगदा होऊन तो चीनमध्ये प्रकरण 47 मधल्या 4706 या क्रमांकाखाली, लगदा म्हणून, येऊ लागला. बराच तंतू तयार खोका-कागदाच्या रूपात थेट प्रकरण 48 मध्ये शिरला. 2020 मध्ये तयार कागदाची आयात 1 कोटी टनांपुढे गेली. आलेखात ती तिपटीहून मोठी उडी दिसते. तिच्यातला मोठा भाग पूर्वी 4707 खाली, रद्दी म्हणून, येतच होता.

तुलना करायचीच तर दोन्ही प्रकरणांतले टन एकत्र मोजावेत आणि निर्यात वजा करावी. डॉलरमध्ये मोजू नये, कारण लगद्याचे भाव वर्षागणिक जोरात हेलकावतात. एवढे करूनही एक हिस्सा निसटतोच: आयात केलेल्या टीव्हीभोवतीचे खोके टीव्हीच्याच क्रमांकाखाली नोंदले जाते.