सॉफ्टवेअर काढताना कोणती फाइल ठेवायची, हे संगणकाला कसे कळते?

लातूर, नांदेड, परभणी येथील डीटीपीच्या दुकानांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. जागा मोकळी करण्यासाठी टायपिंगचे एखादे जुने सॉफ्टवेअर काढून टाकले जाते आणि नंतर, त्याच्याशी काहीही संबंध नसलेल्या दुसऱ्याच प्रोग्राममध्ये तयार केलेली लग्नपत्रिका उघडली, तर गणपतीच्या श्लोकाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. ‘व्हायरस शिरला’ असे निदान होते आणि संपूर्ण संगणक फॉरमॅट केला जातो. प्रत्यक्षात येथे बहुधा व्हायरसचा संबंधच नसतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणारे प्रमाण, येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये मजकूर रोमन अक्षरांच्या संकेतांकांतच साठवलेला असतो आणि त्याला देवनागरी रूप देण्याचे काम केवळ फॉन्टची फाइल करते. ती फाइल दोन्ही सॉफ्टवेअर वापरत होते, आणि पहिले जाताना तिला सोबत घेऊन गेले. हा दोष दुकानदाराचा नाही, इन्स्टॉलर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा आणि काढणारा प्रोग्राम, बांधणाऱ्याचा आहे.

डेस्कटॉपवरचे आयकॉन पुसले की सॉफ्टवेअर गेले, असा समज अजूनही आढळतो. पण आयकॉन हा केवळ मूळ प्रोग्रामकडे नेणारा दुवा असतो. सॉफ्टवेअरच्या फाइली अनेक फोल्डरांत विखुरलेल्या असतात, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, त्याच्या नोंदी असतात, आणि यातील काही फाइली, उदाहरणार्थ फॉन्ट किंवा डीएलएल (अनेक प्रोग्रामना वापरता येणाऱ्या कोडची फाइल), इतर सॉफ्टवेअरच्याही उपयोगाच्या असतात. त्या कोणाच्या, हे ठरवण्याची शिस्तबद्ध पद्धत मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत विंडोज इन्स्टॉलरच्या रूपाने आणली. ‘एमएसआय’ या विस्ताराची फाइल म्हणजे कोष्टकांचा एक डेटाबेस असतो: एका कोष्टकात फाइली, दुसऱ्यात फोल्डर, तिसऱ्यात रजिस्ट्रीच्या नोंदी, आणि या सर्वांना बांधून ठेवणारे कॉम्पोनंटचे कोष्टक.

कॉम्पोनंट, म्हणजे घटक, हे इन्स्टॉलरचे सर्वांत लहान एकक आहे. तो बसतो तर पूर्ण बसतो आणि निघतो तर पूर्ण निघतो. त्याच्या फाइली एकाच फोल्डरात जाव्या लागतात, आणि त्यातील एखादी फाइल किंवा नोंद ‘की-पाथ’ म्हणून ठरवलेली असते. ती जागेवर असेल तर घटक जागेवर आहे, असे विंडोज मानते. प्रत्येक घटकाला जीयूआयडी नावाचा १२८ बिटांचा, ३२ षोडशमान अंकांत लिहिला जाणारा ओळख क्रमांक दिला जातो. यादृच्छिक पद्धतीने तयार केल्यास असे क्रमांक ५ वर ३६ शून्ये इतके संभवतात, त्यामुळे दोन ठिकाणी नकळत तोच क्रमांक निघण्याची भीती व्यवहारात उरत नाही.

आता या यंत्रणेतला सर्वांत सुंदर भाग पाहू. घटक पहिल्यांदा बसवला जातो तेव्हा विंडोज रजिस्ट्रीत, इन्स्टॉलरच्या विभागात ‘कॉम्पोनंट्स’ नावाच्या कप्प्याखाली, त्या जीयूआयडीची एक नोंद उघडते. जीयूआयडी तेथे अंकांची अदलाबदल करून लिहिलेला असतो, त्यामुळे शोधणारा प्रथम गोंधळतो. त्या नोंदीत एकेक ओळ असते: ओळीचे नाव म्हणजे सॉफ्टवेअरचा स्वतःचा क्रमांक आणि तिचे मूल्य म्हणजे की-पाथचा पत्ता. दुसऱ्या सॉफ्टवेअरने तोच घटक आणला, की नोंद नवी उघडत नाही, केवळ एक ओळ वाढते. सॉफ्टवेअर काढले, की त्याची ओळ पुसली जाते. इतर ओळी शिल्लक असतील तर फाइलला हात लावला जात नाही, आणि शेवटची ओळ पुसली गेली तरच फाइल डिस्कवरून हटते.

याआधीची पद्धत फक्त आकडा मोजत असे. रजिस्ट्रीच्या ‘शेअर्ड डीएलएल्स’ या कप्प्यात फाइलच्या पत्त्यापुढे वापरणाऱ्यांची संख्या लिहिलेली असे. एकच सॉफ्टवेअर पुन्हा बसवताना निष्काळजी इन्स्टॉलरने ती संख्या वाढवली, की हिशेब कायमचा चुकला. सामायिक विहिरीची नोंद सातबाऱ्यावर ‘हिस्सेदार तीन’ एवढीच असणे आणि तिघांची नावे असणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. नावे असली, की एकच हिस्सेदार दोनदा मोजला जात नाही.

परंतु या पद्धतीत एक कडक अट दडलेली आहे. हिशेब जीयूआयडीचा ठेवला जातो, फाइलचा ठेवला जात नाही. दोन कंपन्यांनी तोच फॉन्ट, त्याच नावाने, त्याच फोल्डरात, पण वेगवेगळ्या जीयूआयडीखाली आणला, तर विंडोजच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र घटक होतात आणि प्रत्येकाच्या नोंदीत एकच ओळ असते. पहिले सॉफ्टवेअर निघाले, की त्याच्या नोंदीतील एकमेव ओळ पुसली जाते आणि फॉन्ट हटतो. लग्नपत्रिकेचे जे झाले ते असे झाले.

याच नोंदी ‘कचरा’ समजून साफ करणारी आणि संगणक कितीतरी पट वेगवान करण्याचा दावा करणारी रजिस्ट्री क्लीनर सॉफ्टवेअर बाजारात आहेत. काही शे नोंदी पुसल्याने संगणकाचा वेग वाढत नाही, हिशेब मात्र मोडतो. अशा साधनांना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. जागा वाचवण्यासाठी विंडोजमधील ‘इन्स्टॉलर’ हे लपवलेले फोल्डर रिकामे करण्याचा सल्लाही तितकाच घातक आहे, कारण दुरुस्ती करताना आणि सॉफ्टवेअर काढताना लागणाऱ्या एमएसआय फाइली तेथेच जपलेल्या असतात.

छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जे विद्यार्थी प्रकल्पासाठी स्वतःचा सेटअप, म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्याचे पॅकेज, बांधतात, त्यांच्यासाठी घटकांची मांडणी हा खरा अभ्यासाचा विषय आहे. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मुक्तस्रोत म्हणून प्रसिद्ध केलेल्या ‘विक्स’ या साधनात घटक एक्सएमएल या खुणांच्या मजकूर-स्वरूपात लिहिले जातात. सामायिक भाग वेगळ्या ‘फ्रॅगमेंट’मध्ये, म्हणजे तुकड्यात, ठेवून त्यांचा ‘कॉम्पोनंट ग्रुप’ करावा, म्हणजे प्रत्येक सेटअपमध्ये केवळ त्या ग्रुपचा उल्लेख पुरतो, आणि ज्याचा उल्लेखच नाही तो फ्रॅगमेंट जोडणीच्या वेळी आपोआप गळतो. असे अनेक फ्रॅगमेंट एकत्र करून ‘विक्सलिब’ हे ग्रंथालय तयार करता येते. जीयूआयडीच्या जागी तारांकन लिहिल्यास विक्स तो की-पाथच्या ठरलेल्या जागेवरून काढते, त्यामुळे तीच फाइल त्याच जागी नेणाऱ्या दोन सेटअपमध्ये क्रमांकही तोच निघतो. एका घटकात एकच महत्त्वाची फाइल ठेवावी, हे माझे आग्रहाचे मत आहे. दहा फाइलींचा घटक लिहायला सोपा असतो, पण पुढच्या आवृत्तीत त्यातील एक फाइल वगळायची झाली, की घटकाची ओळखच धोक्यात येते.

‘मर्ज मॉड्यूल’, म्हणजे इतर सेटअपमध्ये मिसळण्यासाठी तयार ठेवलेले घटकांचे पॅकेज, ही पुनर्वापराची जुनी वाट मी सुचवणार नाही. तिच्यातील घटक प्रत्येक सेटअपमध्ये कायमचे मिसळले जातात, त्यामुळे सामायिक भागात सुरक्षेची चूक सापडली तर तो वापरणाऱ्या प्रत्येकाला आपला सेटअप नव्याने बांधून वाटावा लागतो. सी++ च्या रनटाइमसाठी, म्हणजे त्या भाषेतील प्रोग्राम चालताना लागणाऱ्या सामायिक फाइलींसाठी, मायक्रोसॉफ्टनेही आता स्वतंत्र पुनर्वितरण पॅकेज वापरण्यास सांगितले आहे.

फाइलची नवी आवृत्ती जुनीची सगळी कामे करत असेल, तर जीयूआयडी तोच ठेवावा. फॉन्टमधील अक्षरांचे संकेतांक बदलले असतील, तर मात्र जुन्या पत्रिका नव्या फाइलवर उघडणार नाहीत. अशा वेळी फाइलचे नाव बदलावे, घटकाला नवा जीयूआयडी द्यावा आणि दोन्ही फॉन्ट संगणकावर शेजारी शेजारी नांदू द्यावेत.