वजनाच्या ऑपरेशननंतर भाकरी कायमची सुटते?

‘पोट कापलं, आता जन्मभर पेज नि सूप!’ बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीचं, म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं, नाव काढलं की हे हमखास ऐकायला मिळतं. तसं नाही. तिच्या ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरलेल्या भागाची स्टेपलच्या बारीक पिनांनी शिवलेली कड भरून यावी म्हणून साधारण दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेकजण घरच्या जेवणावर येतात.

बदलतो तो घास आणि क्रम. आधी अंडं, मासा, पनीर किंवा घट्ट वरण. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत ना! भाकरी शेवटी, तीही चतकोर. गंमत म्हणजे मऊ पाव नि चिकट भातच गोळा होऊन अडकतो, खरपूस टोस्ट सहज जातो. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास थांबायचं.

जठराचा बायपास (अन्नाची वाट वळवणारा दुसरा प्रकार) केलेल्यांना मात्र गुलाबजाम महागात पडू शकतो: धडधड, घाम, जुलाब. आणि जन्मभराचं काही असेलच, तर बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या. त्या टाळायच्या नाहीत.