शोपँ राष्ट्रीय आवृत्ती

पोलिश संगीतकार फ्रेडेरिक शोपँ (१८१०–१८४९) याच्या समग्र रचनांची चिकित्सक स्वरलिपी-आवृत्ती. पियानोवादक यान एकिअर (१९१३–२०१४) यांनी १९५९ मध्ये काम हाती घेतले. बॅलाडांचा (कथनात्मक बाजाच्या पियानो-रचनांचा) पहिला खंड १९६७ मध्ये निघाला आणि २०१० मध्ये, शोपँच्या द्विजन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ खंड पूर्ण झाले. पुढच्या काळात पावेऊ कामिन्स्की हे सहसंपादक होते. ‘अ’ मालिकेत शोपँच्या हयातीत छापलेल्या रचना आहेत, ‘ब’ मालिकेत मरणोत्तर छापलेल्या. बहुतेक खंड एकल पियानोचे आहेत.

शोपँची संहिता ठरवणे अवघड, कारण ती मुळात एक नाहीच. स्वामित्वहक्क सांभाळण्यासाठी त्याच्या रचना फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या प्रकाशकांकडून जवळपास एकाच वेळी निघत. प्रत्येकाकडे जाणारी प्रत निराळी: कुठे स्वहस्तलिखित, कुठे नकलनविसाची नक्कल, कुठे दुरुस्त केलेली मुद्रिते. शिवाय शिकवताना शोपँ शिष्यांच्या छापील प्रतींवर पेन्सिलीने बदल करी. जेन स्टर्लिंगसारख्या शिष्यांच्या अशा प्रती टिकल्या, म्हणून त्याच्या बोटांचा क्रम (कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा) आणि आलंकारिक पर्यायही आपल्याला कळतात. ओपस (प्रकाशन-क्रमांक) ९ मधल्या दुसऱ्या नॉक्टर्नला, म्हणजे निशागीताला, असे पर्याय विपुल आहेत. सी मायनर प्रिल्यूड या छोट्या रचनेच्या (ओपस २८, क्र. २०) तिसऱ्या मापातील शेवटच्या स्वरसंघातात (कॉर्डमध्ये) ई कोमल की शुद्ध, हा वाद तर प्रसिद्धच आहे. एका स्वराने तिथला सारा रंग पालटतो.

‘ब’ मालिकेची अडचण वेगळी. अप्रकाशित रचना जाळाव्यात अशी शोपँची इच्छा होती. मित्र युलियान फोन्ताना याने १८५५ मध्ये त्यातील काही छापल्या, पण आपल्या हाताने संस्कार करून. त्यामुळे तिथे फोन्तानाचा हात कुठे संपतो हे आधी शोधावे लागते.

एकिअर यांची खरी थोरवी पानाच्या मांडणीत दिसते. पर्यायी पाठ मुख्य ओळीजवळच छापलेले असतात. शोपँचे बोटांचे आकडे ठळक, संपादकांचे तिरप्या टायपात. संपादकीय भर कंसात. पियानोवादक पादेरेव्स्की यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आधीच्या पोलिश आवृत्तीत अनेक स्रोतांचे पाठ एकत्र विणले गेले होते आणि वाचणाऱ्याला ते सहज वेगळे काढता येत नसत. इथे वादक स्वतः तपासू शकतो. वॉर्सातील शोपँ स्पर्धेतही स्पर्धकांना हीच आवृत्ती सुचवली जाते.