बुळकांडी

बुळकांडी हा मुख्यतः गायबैल आणि म्हशी यांना होणारा, झपाट्याने पसरणारा व बहुधा जीव घेणारा विषाणुजन्य रोग होता. ‘होता’ हा भूतकाळ येथे जाणूनबुजून वापरला आहे. २०११ साली जागतिक पशुआरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी हा रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर केले. माणसाने ठरवून, मोहीम राबवून समूळ घालवलेले रोग आजवर दोनच आहेत : पहिला माणसांचा, देवी (१९८०), आणि दुसरा गुरांचा, बुळकांडी. या रोगावरील संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातून सुरू होतो आणि भारतीय पशुवैद्यकाचा इतिहास बऱ्याच अंशी या एका रोगाभोवती घडलेला आहे.

कारण व स्वरूप : माणसांतील गोवर, कुत्र्यांतील डिस्टेंपर आणि शेळ्यामेंढ्यांतील पीपीआर यांचे विषाणू ज्या गटात मोडतात, त्याच मॉर्बिली गटातील विषाणूमुळे बुळकांडी होत असे, माणसाला मात्र तिची लागण होत नसे. हा रोग जिवाणूंहून सूक्ष्म, गाळणीतून आरपार जाणाऱ्या घटकामुळे होतो, हे १९०२ मध्ये तुर्कस्तानात मॉरिस निकोल आणि आदिल बे यांनी दाखवून दिले. बरे होणाऱ्या जनावराला जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळे व ते पुढे विषाणू बाळगत नसे. विषाणूचा प्रतिजनीय प्रकार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती ओळखते ते रूप, एकच असल्याने एक लस सर्वत्र चालत असे, आणि शरीराबाहेर ऊन-वाऱ्यात तो फार काळ तग धरत नसल्याने लागण बहुतेक वेळा आजारी व निरोगी जनावरांच्या निकट सहवासातूनच होई. लाळ्या-खुरकुताशी तुलना केली, तर या गुणधर्मांचे मोल कळते. त्या रोगाच्या विषाणूचे सात प्रकार आहेत, एकाची लस दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, आणि बरे झालेले जनावर काही काळ विषाणू बाळगू शकते. त्यामुळे तो रोग आजही गोठ्यागोठ्यांत आहे.

लक्षणे : लागण झाल्यावर साधारणतः तीन ते पंधरा दिवसांत जनावराला १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप चढे. चारा सुटे, रवंथ थांबे, दूध आटे, डोळ्यांतून आधी पाणी आणि मग घट्ट चिपाडे येऊ लागत. हिरड्या, ओठांची आतली बाजू आणि जिभेखालचा भाग येथे कोंडा भुरभुरावा तसे पांढुरके ठिपके दिसत. बोटाने पुसले की ते निघून येत आणि खाली लालभडक ओली चट्टी उरे. तोंडाला येणारी दुर्गंधी गोठ्यात शिरताच जाणवे. त्यानंतर पाण्यासारखी, पुढे रक्तमिश्रित हगवण लागे. जनावर कुंथत राही, डोळे खोल जात आणि अंगातले पाणी संपल्यामुळे ते सहा ते बारा दिवसांत बसल्या जागी मरे. शवविच्छेदनात गुदाशयाच्या आतल्या घड्यांवर रक्ताळलेले समांतर पट्टे आढळत. झेब्र्याचे पट्टे या नावाने पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते आजही शिकवले जातात, जरी शिकणाऱ्याने वा बहुधा शिकवणाऱ्यानेही ते प्रत्यक्ष पाहिलेले नसतात.

पूर्वी रोग न पाहिलेल्या कळपात दहापैकी नऊ जनावरेही दगावत. भारतातील देशी गोवंशात पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासामुळे रोग काहीसा सौम्य राही. उत्तराखंडातील कुमाऊंचे पहाडी बैल आणि विदेशी रक्ताची गुरे मात्र त्याला सहज बळी पडत.

ज्या समाजात नांगर, मोट आणि गाडी बैलावर चालते, तेथे या रोगाचा घाव दुधापुरता नसतो. पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली की त्या वर्षाचे पीकही गेले. १८८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत शिरलेल्या साथीने एका दशकात त्या खंडाच्या पूर्व व दक्षिण भागांतील बहुसंख्य गुरे मारली आणि इथिओपियात भीषण दुष्काळ ओढवला. यूरोपात १७६०च्या दशकारंभी फ्रान्समधील लियाँ येथे पहिले पशुवैद्यक विद्यालय उघडण्यामागेही याच रोगाची धास्ती होती. पुढे १९२० मध्ये भारतातून ब्राझीलकडे निघालेली गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात थांबली असता तेथे बुळकांडी फुटली आणि तिच्या धक्क्यातून १९२४ साली पॅरिसमध्ये आजच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेची स्थापना झाली.

पुणे व मुक्तेश्वर : गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने १८७१ मध्ये अहवाल दिला आणि हिंदुस्थानातील गुरांचा खरा वैरी बुळकांडी आहे हे सरकारदरबारी नोंदले गेले. तरी प्रयोगशाळा उभी राहायला आणखी अठरा वर्षे लागली. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख होते. संसर्गजन्य रोगांचे जंतू भरवस्तीच्या शहरात हाताळणे धोक्याचे आणि पुण्याची हवा जंतू जतन करण्यास उष्ण, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंमधील मुक्तेश्वर येथे, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरच्या देवदार-ओकच्या रानात हलवण्यात आली. १८९७ मध्ये विख्यात जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी तेथे भेट दिली. मैदानी प्रदेशातील कामासाठी पुढे बरेलीजवळ इज्जतनगर येथे शाखा उघडली, आणि याच संस्थेची आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. पुण्याच्या वाट्याला त्या प्रयोगशाळेची चारच वर्षे आली, हे पुणेकरांना सहसा ठाऊक नसते.

सीरम ते लस : दक्षिण आफ्रिकेत कॉख यांनी बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त टोचून संरक्षण देण्याचा प्रयत्न केला होता. त्यानंतर रोगातून उठलेल्या जनावरांचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, वापरात आले. पण नुसत्या सीरमचा परिणाम काही दिवसांतच ओसरे, म्हणून एका बाजूला सीरम आणि दुसऱ्या बाजूला रोगी जनावराचे रक्त एकाच वेळी टोचण्याची पद्धत निघाली. तिने टिकाऊ प्रतिकारशक्ती मिळे, परंतु त्या रक्ताबरोबर गोचिडतापाचे परजीवीही टोचले जात, आणि बुळकांडीतून वाचलेले जनावर दुसऱ्याच तापाने जाई.

यातून वाट काढली ती मुक्तेश्वरच्या जे. टी. एडवर्ड्‌स यांनी. १९२०च्या दशकात त्यांनी विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा सतत नेला. गुरांचे रक्तपरजीवी शेळीत टिकत नसल्याने ते गळून पडले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अशा शेकडो फेऱ्यांनंतर विषाणू गुरांसाठी इतका सौम्य झाला, की सीरमशिवाय टोचला तरी जनावर मरत नसे आणि दीर्घकाळ सुरक्षित राही. शेळीच्या प्लीहेपासून तयार होणारी ही लस स्वस्त होती व भारतातील देशी गुरांना मानवली. मात्र पहाडी आणि संकरित गुरांत तिची प्रतिक्रिया तीव्र उमटे. पुढे उरुळीकांचनसारख्या ठिकाणांहून जर्सी आणि होल्स्टीन रक्ताच्या गायी खेड्यापाड्यांत पोहोचू लागल्या, तसतशी ही उणीव अधिकच जाणवू लागली. त्यावर उपाय ठरली केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवलेली ऊतिसंवर्ध लस. काबेटे ‘ओ’ या विषाणूची पेशींमधून सुमारे नव्वद वेळा वाढ करून ती सिद्ध झाली होती आणि वासरू, गाभण गाय, संकरित गाय अशा कोणालाही टोचता येत होती. या कामासाठी प्लोराइट यांना १९९९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

लसीकरण मोहीम : १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत ऐंशी टक्के गायबैल-म्हशींना टोचायचे आणि मग उरलेल्यांना व दरवर्षीच्या वासरांना, अशी योजना होती. लस वाळवलेल्या वडीच्या रूपात कुपीतून येई. बर्फाच्या थर्मासमधून ती गावात न्यायची, गार सलाइनमध्ये विरघळवायची आणि ऊन चढण्याआधी संपवायची. त्यामुळे लस टोचण्याचे काम पहाटे चाले : गुरे रानात सुटण्यापूर्वी गावाबाहेर खोडा उभारून एकेक जनावर आत घ्यायचे, मानेची कातडी चिमटीत धरून सुई घालायची, आणि टोचलेले जनावर ओळखू यावे म्हणून खूण करायची. दूध घटेल, गाभडेल, या भीतीने गुरे लपवून ठेवणारे मालकही असत, आणि शेळीच्या लसीने खरोखरच ताप येत असल्याने त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती.

मोहिमेमुळे साथींची संख्या एकदम खाली आली, पण रोग गेला नाही. गुरांच्या बाजारांतून आणि व्यापाऱ्यांच्या कळपांतून, विशेषतः दक्षिण द्वीपकल्पात, तो फिरत राहिला आणि जेथे लसीकरण ढिले पडले तेथे पुन्हा डोके काढू लागला. याचे मूळ लसीच्या गुणवत्तेत नव्हते. सरसकट टोचण्यामुळे रोग दबतो, पण लपतोही : अर्धवट संरक्षण असलेल्या कळपात लक्षणे पुसट होतात, आणि रक्तातील प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) लसीची आहेत की रोगाची, हे चाचणीला ओळखता येत नाही. म्हणजे लस जेवढी पसरते, तेवढा शोध आंधळा होतो. चाळीस वर्षे टोचत राहिल्यावर निर्मूलनाची गुरुकिल्ली सुई थांबवण्यात आहे हे मान्य करणे पशुसंवर्धन खात्यांना सोपे गेले नसणार.

१९९२ पासून यूरोपीय समुदायाच्या मदतीने राबवलेल्या नव्या कार्यक्रमाने हेच धोरण स्वीकारले. देशाचे रोगस्थितीनुसार विभाग पाडले. जेथे रोगाची मुळे होती तेथे जोरकस लसीकरण केले आणि अन्यत्र ते टप्प्याटप्प्याने बंद केले. ताप, तोंडात चट्टे आणि हगवण ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसलेल्या प्रत्येक जनावराची खबर मिळवणे, गावोगाव विचारपूस करणे आणि रक्ताचे नमुने प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझा चाचणीने तपासणे हे मुख्य काम बनले. पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभाग पश्चिम भारतातील रोगनिदानाचे केंद्र राहिला. देशातील शेवटची साथ १९९५ मध्ये नोंदली गेली. २००४ साली भारताला रोगमुक्त आणि २००६ साली संसर्गमुक्त देशाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. जगातील शेवटचा पक्का रुग्ण २००१ मध्ये केनियातील एका अभयारण्यात सापडला, तो रानरेडा होता.

सद्यस्थिती : रोग गेला तरी विषाणू काही प्रयोगशाळांच्या शीतकपाटांत उरला. हे साठे मोजक्या, मान्यताप्राप्त ठिकाणी गोळा करणे किंवा नष्ट करणे हे काम २०११ नंतरही चालू राहिले. इंग्लंडमधील पिरब्राइट संस्थेने आपल्या नमुन्यांचा जनुकीय क्रम नोंदवून ते २०१९ मध्ये नष्ट केले.

शेळ्यामेंढ्यांतील पीपीआरला महाराष्ट्रातील मेंढपाळ आजही बुळकांडीच म्हणतात, आणि ते अगदी चुकीचे नाही : १९८७ मध्ये तमिळनाडूत हा वेगळा रोग म्हणून ओळखला जाईपर्यंत भारतात शेळ्यांच्या अशा साथी बुळकांडीच्याच खात्यात मांडल्या जात. या रोगावरील सुंगरी ९६ ही लसही मुक्तेश्वर येथेच तयार झाली असून, २०३० पर्यंत पीपीआरचेही जगातून उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. शेळ्यामेंढ्यांची पिढी मात्र लवकर पालटते, दरवर्षी कळपात नवी, न टोचलेली करडे-कोकरे भरती होतात, आणि मेंढपाळांचे वाडे पावसाळा संपताच शेकडो किलोमीटर चालत निघतात. त्यामुळे गुरांसाठी पुरलेले वेळापत्रक येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.