मेंबरचा गेस्ट वेगळा, व्हिजिटर वेगळा

गोल्फ बॅग घेऊन मेलबर्नला निघालेल्या माणसाला कुणीतरी हमखास सांगतं, "रॉयल मेलबर्न क्लब विसर. प्रायव्हेट आहे, मेंबर ओळखीचा लागतो." सांगणारा एक तर तिथे राहणारा मावसभाऊ असतो, नाहीतर न्यू जर्सीतला मित्र. दोघेही खोटं बोलत नाहीत. मावसभावाला खरंच मेंबर लागतो. न्यू जर्सीवाल्याच्या राज्यात पाइन व्हॅली क्लब आहे, आणि तिथे मेंबरने नेल्याशिवाय खेळता येत नाही. पण यातलं काहीही पुण्या-मुंबईच्या क्लबातून मेलबर्नला जाणाऱ्या तुम्हाला लागू नाही. ते ऐकून लोक मुकाट्याने पब्लिक कोर्सवर खेळून परत येतात, याचा मला मनापासून वैताग आहे.

गेस्ट म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. मेंबर सोबत हवा, रजिस्टरमध्ये सही त्याची, बिल त्याच्या खात्यावर, आणि तुम्ही बिनकॉलरचा टीशर्ट घालून गेलात तर बोलणीही त्यालाच. आपल्या जिमखान्यांत हेच चालतं, मेलबर्नलाही साधारण हेच. पुढे जाऊ.

व्हिजिटर ही गोष्ट आपल्याकडे इतकी ठळक नाही, म्हणून घोळ होतो. मेलबर्नच्या आग्नेय उपनगरांत वाळूच्या जमिनीचा एक पट्टा आहे, त्याला सँडबेल्ट म्हणतात. रॉयल मेलबर्न, किंग्स्टन हीथ, व्हिक्टोरिया, मेट्रोपॉलिटन हे सगळे क्लब तिथलेच आणि सगळे प्रायव्हेट. तरीही परदेशातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या गोल्फरला ते ठरावीक दिवशी पूर्ण ग्रीन फी (एका फेरीचे पैसे) घेऊन खेळू देतात. मेंबर सोबत लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. दोनच गोष्टी बघतात: तुम्ही लांबून आलात का, आणि तुमच्या गावी तुम्ही कुठल्या क्लबाचे मेंबर आहात का.

पहिली अट लोकांना उलटी वाटते. जवळ राहणाऱ्याला दार बंद आणि समुद्रापलीकडून आलेल्याला उघडं? कारण साधं आहे. शहरातला माणूस एकदा आला की दर महिन्याला येईल, मग मेंबरने प्रवेश फी भरून आणि वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर बसून काय मिळवलं? लांबचा माणूस एकदा खेळतो, भरपूर पैसे देतो आणि जातो. त्यामुळे मेलबर्नमध्ये दहा वर्षं राहणारा तुमचा मावसभाऊ या दाराने तुमच्याबरोबर आत येऊ शकत नाही. "आम्ही चौघे, त्यातला एक लोकल" असं बुकिंग मागितलंत तर अडचण तुमची नाही, त्याची येईल.

दुसरी अट खरी चाळणी आहे. इथे ओळखपत्राचं काम तुमचा क्लब करतो. मेंबरशिप आणि हॅन्डिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा) नमूद केलेलं सेक्रेटरीचं पत्र आधीच काढून ठेवा. २०२० पासून जागतिक हॅन्डिकॅप पद्धत आल्यामुळे आकडा रूपांतर करत बसायची कटकट उरली नाही. ज्यांचं गोल्फ ड्रायव्हिंग रेंज, ऑफिसच्या स्पर्धा आणि दुसऱ्याच्या मेंबरशिपवर चाललंय, त्यांनी मात्र हा नाद सोडावा. गेस्टच्या मागे मेंबर उभा असतो, व्हिजिटरच्या मागे त्याचा क्लब. दोन्ही नसतील तर स्टार्टरशी, म्हणजे खेळाडूंना क्रमाने कोर्सवर सोडणाऱ्याशी, हुज्जत घालून उपयोग नाही.

आणि कृपा करून, लिंक्डइनवर मेंबर शोधून "खेळायला घेऊन जाल का?" असे निरोप पाठवू नका. क्लबाच्या वेबसाइटवर व्हिजिटरसाठी रीतसर माहिती असताना अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

रॉयल मेलबर्नला ईस्ट आणि वेस्ट असे दोन कोर्स आहेत; त्यातला कुठला निवडायचा हा प्रश्नही इथेच सुटतो. घरी आलेला पाहुणा जेवणाचा बेत ठरवत नाही, खानावळीत पैसे मोजणारा आपलं ताट निवडतो. मेंबरने बोलावलं असेल तर तो नेईल तिथे, तो म्हणेल त्या वेळी खेळा, "ईस्टऐवजी वेस्ट जमेल का?" हे विचारायचंच नाही. व्हिजिटर असाल तर निःसंकोच वेस्ट मागा. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी हा गोल्फ-कोर्स आर्किटेक्ट १९२६ साली आला आणि वेस्टचा आराखडा देऊन गेला. तो जमिनीवर उतरवला अ‍ॅलेक्स रसेल आणि ग्रीनकीपर मिक मॉरकम यांनी. ईस्ट रसेलचा, १९३२चा. ईस्ट वाईट मुळीच नाही, पण एवढी फी एकदाच भरायची तर ती वेस्टच्या पाचव्या-सहाव्या होलसाठी भरावी. टीव्हीवर प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत दिसला तो कोर्स मागू नका. तो वेस्टचे बारा आणि ईस्टचे सहा होल जोडून केलेला कॉम्पोझिट आहे. प्रेक्षकांना रस्ते ओलांडावे लागू नयेत म्हणून १९५९च्या कॅनडा कप स्पर्धेला ती जुळवणी पहिल्यांदा झाली. मोठ्या स्पर्धा त्यावर होतात, व्हिजिटरला रोज मिळणारी ती गोष्ट नाही.

दुसरा दिवस असेल तर किंग्स्टन हीथ. २००९चं ऑस्ट्रेलियन मास्टर्स टायगर वुड्सने जिंकलं ते इथेच. जागा आटोपशीर, जमीन जवळजवळ सपाट, आणि मॅकेंझीचे बंकर (वाळूचे खड्डे) अगदी ग्रीनच्या कडेला कापलेले. चार दिवसांत पाच क्लब उरकणाऱ्यांची यादी मला दाखवू नका. दोन कोर्स नीट खेळलेले बरे.

किरकोळ बाबी: शनिवार मेंबरांच्या स्पर्धेचा, म्हणून व्हिजिटरने आठवड्यातले मधले दिवस धरावेत. आपल्यासारखा बॅग वाहणारा हक्काचा कॅडी मिळेलच असं समजू नका. ट्रॉली स्वतः ओढायची, चेंडू स्वतः शोधायचा आणि डिव्हट (फटक्याने उखडलेली गवताची जागा) वाळूने भरत जायचं. वाळू सोबत देतात, ती शोभेसाठी नसते.

राहिला मावसभाऊ. रॉयल मेलबर्नसमोर रस्ता ओलांडला की सँडरिंगहॅमचा पब्लिक कोर्स आहे, त्याच वाळूवरचा. तिथे एक दिवस त्याच्यासाठी ठेवा. मेंबर लागत नाही, सेक्रेटरीचं पत्र लागत नाही, आणि ग्रीन फी त्याला भरू द्या.