बेंटवूड आणि बेंट प्लाय: दोन्ही खुर्च्या वाकलेल्याच, मग फरक कुठे?

ऑनलाइन खुर्ची शोधायला बसलं की ‘बेंटवूड’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू समोर येतात. एक ती इराणी हॉटेलातली, गोल पाठीची, काठ्या वळवून केलेली काळपट तपकिरी खुर्ची. दुसरी आयकियाच्या पोएंगसारखी, रुंद लाकडी पट्टीची वळणं असलेली, बसलं की हलकीशी झुलणारी. विकणारा दोन्हीला बेंटवूड म्हणतो, घेणाराही तेच धरून चालतो. पण एकीत अख्खं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलेलं असतं आणि दुसरीत लाकडाचे पातळ पापुद्रे ग्लू लावून, साच्यात दाबून, वाकलेल्या अवस्थेतच चिकटवलेले असतात, तिला खरं तर बेंट प्लाय म्हणायला हवं. साधी, परवडणारी, आजच्या घरात शोभेल अशी खुर्ची करायची असो किंवा विकत घ्यायची, हा फरक कळलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण किंमत किती, आकार कसा, मोडली तर काय आणि पावसाळ्यात काय, हे सगळं इथूनच ठरतं.

ओळखायचं कसं ते आधी सांगते. खुर्चीची कड बघा, पुढून नाही, बाजूने. पोएंगच्या हाताची कड पाहिलीत तर वळणाबरोबर धावणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतील, तो एकेक थर. इराणी खुर्चीच्या काठीला थर नसतातच, तिथे लाकडाच्या स्वतःच्या रेषा वळणाबरोबर सलग फिरत जातात. आणि तिसराही एक प्रकार बाजारात असतो, जाड फळीतून वळण कापून काढलेला. त्यात रेषा सरळच जातात आणि वळणाच्या कडेला येऊन तुटतात, आणि खुर्ची मोडते ती नेमकी तिथेच. रंग जाड असेल तर हे कळत नाही, म्हणून खुर्ची उलटी करून सीटखाली बघायचं, तिथे रंग बहुतेक वेळा पातळ असतो.

आता बेंटवूड. मायकेल थोनेट नावाचा जर्मन सुतार, १७९६ साली ऱ्हाईनकाठच्या बोपार्डमध्ये जन्मलेला, पुढे व्हिएन्नाला गेला आणि १८५९ मध्ये त्याच्या कंपनीने १४ नंबरची खुर्ची काढली. लाकडाचे फक्त ६ तुकडे, १० स्क्रू आणि २ नट, बस्स. पाठ आणि मागचे दोन पाय मिळून एकच लांब काठी, तिच्या आत एक छोटी कमान, पुढचे दोन पाय, सीटची रिंग आणि पायांना धरून ठेवणारी खालची रिंग. सुटे केलेले ३६ खुर्च्यांचे भाग एका घनमीटरच्या खोक्यात मावायचे, जहाजाने पाठवायचे आणि पोचले की तिकडे जोडायचे. आज आपण फ्लॅटपॅकचं कौतुक करतो ते तेव्हाच होऊन गेलंय! १९३० पर्यंत ही एकच खुर्ची सुमारे ५ कोटी खपली असं मानतात. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या खुर्च्या याच घराण्यातल्या, फक्त प्रत्येक खुर्ची थोनेटचीच असते असं नाही, कारण १८६९ मध्ये त्याचं पेटंट संपलं आणि मग युरोपातल्या बऱ्याच कारखान्यांनी तशाच खुर्च्या काढायला सुरुवात केली.

यातली खरी अक्कल वाफेत नाहीये, वाफेवर लाकूड वाकतं हे बोटी बांधणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. अक्कल आहे ती एका स्टीलच्या पट्टीत. लाकूड वाकवताना वळणाची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. वाफेने तंतूंमधलं लिग्निन (तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारा पदार्थ) मऊ झालं की बीचसारखं लाकूड दाबायला भरपूर दबतं, पार लांबीचा पाव हिस्सा कमी होईपर्यंत, पण ताणायला गेलात तर एक-दोन टक्क्यांतच बाहेरून फाटतं. म्हणून काठीच्या बाहेरच्या अंगाला स्टीलची पट्टी लावायची, पट्टीची टोकं काठीच्या टोकांना घट्ट अडकवायची आणि मग दोन्ही मिळून लोखंडी साच्याभोवती वळवायचं. ताण पट्टी घेते, बाहेरचे तंतू लांबू शकत नाहीत, त्यामुळे अख्खी काठी दबत दबत वळते आणि साच्यातच वाळली की तशीच राहते. मला ही गोष्ट फार आवडते, कारण यात कुठे कौशल्याचं गूढ नाही, दोन माणसांना शिकवलं की तिसऱ्या दिवशी तीही वाकवायला लागतील, आणि म्हणूनच ती खुर्ची स्वस्त झाली. अवघड सुतारी सांधे गेले, त्यांच्या जागी स्क्रू आले.

गंमत म्हणजे थोनेटची सुरुवात दुसऱ्याच बाजूने झाली होती. १८३० च्या दशकात बोपार्डमध्ये तो व्हिनियरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांच्या, पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक ठेवून साच्यात वळवत होता, म्हणजे आजच्या भाषेत बेंट प्लायच्या जवळचंच. पण सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला ग्लू, ओल लागली की सुटायचा. दमट हवेत, लांबच्या जहाज प्रवासात असलं फर्निचर टिकणं कठीण, आणि तो अख्ख्या लाकडाकडे वळला.

प्लायवूड परत आलं ते ग्लू बदलल्यावर. १९३० च्या आसपास सिंथेटिक रेझिनचे ग्लू आले, पाण्याला न सुटणारे, आणि मग डिझायनरांची रांगच लागली. फिनलंडमध्ये अल्वार आल्टोने पाइमिओच्या टीबी सॅनेटोरियमसाठी १९३२ च्या सुमारास वळलेल्या प्लायची सीट-पाठ एकच असलेली खुर्ची केली. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९४२ मध्ये नौदलासाठी मोडलेला पाय धरून ठेवायचा प्लायचा स्प्लिंट केला आणि त्यातून शिकलेलं सगळं १९४५-४६ च्या खुर्च्यांत घातलं. (हेच दोघं पुढे १९५८ मध्ये भारत सरकारसाठी ‘इंडिया रिपोर्ट’ लिहून गेले आणि त्यातून अहमदाबादचं एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, उभं राहिलं.)

प्लाय का वाकतं हे समजायला एक वही घ्या आणि मधोमध वाकवा. पानं एकमेकांवरून सरकतात आणि कडेला उतार तयार होतो. आता पानांना ग्लू लावून वही तशीच वाकवून धरली आणि ग्लू वाळला, तर ती परत सरळ होऊच शकत नाही. मिलीमीटर-दीड मिलीमीटरचं व्हिनियर एकटं सहज वळतं, ताण जवळपास काहीच येत नाही, आणि सात-नऊ थर मिळून जो आकार धरतात तो ग्लूच्या जोरावर. वाफ नसली तरी चालतं, पण साचा आणि दाब अचूक लागतो.

आकाराचा फरक इथूनच येतो आणि मला वाटतं या सगळ्या विषयातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच आहे. काठी कुठल्याही दिशेला वळवता येते, आधी मागे, मग आडवी, मग खाली, त्यामुळे बेंटवूडची खुर्ची म्हणजे हवेत काढलेली एक रेघ. प्लाय म्हणजे पत्रा, तो एका दिशेला सुंदर वळतो, पण एकाच जागी दोन दिशांना वळवायला गेलात की चिरतो नाहीतर सुरकुततो. ईम्स आणि वास्तुविशारद एरो सारिनेन यांनी १९४०-४१ मध्ये सीट-पाठ-हात सगळं एकाच प्लायच्या कवचात करायचा प्रयत्न केला, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं, पण ते मोठ्या संख्येने बनवणं जमलं नाही. मग ईम्सनी सीट वेगळी, पाठ वेगळी असं केलं आणि ती जास्त साधी, जास्त चांगली खुर्ची झाली. डेन्मार्कच्या आर्ने याकोबसेनने १९५२ मध्ये एका औषध कंपनीच्या कँटीनसाठी ‘अँट’ खुर्ची केली, तिची ती बारीक कंबर बघा. सीट आणि पाठ जिथे जुळतात तिथेच प्लाय चिरायची भीती जास्त, म्हणून तिथलं मटेरियलच कापून टाकलंय, आणि लोकांना वाटतं ती फक्त स्टाइल आहे.

आल्टोचं १९३३ चं ‘स्टूल ६०’ तर बेंटवूड आणि प्लाय या दोघांच्या मधलं आहे, त्याचा पाय खालपासून अख्ख्या बर्च लाकडाचा, पण वरच्या टोकाला रेषांच्या दिशेने करवतीच्या पातळ चिरा पाडलेल्या, चिरांत ग्लू लावलेलं पातळ व्हिनियर सरकवलेलं आणि मग तेवढंच टोक काटकोनात वळवलेलं. जिथे वळायचं तिथेच थर, बाकी सरळ लाकूड. तीन सारखे पाय, वर गोल फळी, स्क्रू मारले की झालं. साध्या आणि स्वस्त फर्निचरचा याच्याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

पोएंगची झुलण प्लायचीच देणगी. नोबोरू नाकामुरा या जपानी डिझायनरने ती केली, १९७६ मध्ये ‘पोएम’ नावाने आली, १९९२ मध्ये पोएंग झाली. मागे पाय नाहीत, दोन्ही बाजूंना थरांची वळलेली फ्रेम आणि वजन पडलं की ती किंचित लवते. इतकं रोजचं लवणं पातळ चिकटवलेले थर छान सोसतात.

पैशाचं गणित दोन्हीकडे उलटं आहे. बेंटवूडला मशीन कमी, वाफेची पेटी, पट्ट्या, साचे, वेळ साधारण इंचाच्या जाडीला तासभर वाफ, पण लाकूड निवडून लागतं, सरळ रेषांचं, गाठ नसलेलं, थोडं ओलसर. बीच, ॲश आणि तुती छान वळतात (तुतीच्या हॉकी स्टिक आपल्याकडे वळवत आलेत), सागवानाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका, आणि आपल्याकडे बाहेरून येणारं बीच भट्टीत कोरडं केलेलं असतं, ते वळताना तुटायचं प्रमाण जास्त. प्लायला लाकूड साधं चालतं, व्हिनियर पातळ सोललेलं असल्याने एका ओंडक्यातून खूप निघतं, पण गरम प्रेस आणि साचा महाग, म्हणून शेकड्यांनी खुर्च्या काढल्या तरच नग स्वस्त पडतो.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरासाठी घेताय तर प्लायवाल्याला ग्लू विचारा. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट), म्हणजे फिनॉलिक ग्लूचं प्लाय, बाल्कनीजवळ बरं. थर एकदा सुटले की दुरुस्ती जवळजवळ नाहीच. बेंटवूडचं तसं नसतं, स्क्रू ढिले होतात ते आवळायचे, सीटचा वेत फाटला की परत विणून घ्यायचा, एक पाय मोडला तर एकच बदलायचा. मात्र बीचला पोखरणारे किडे लवकर लागतात, तेव्हा खालून भुसा पडतोय का बघत राहायचं. आणि बऱ्याच जुन्या बेंटवूड खुर्च्यांना सीट मात्र छिद्रांची नक्षी असलेल्या प्लायची असते, म्हणजे एकाच खुर्चीत दोन्ही.

माझं मत विचाराल तर छोट्या वर्कशॉपने आज नवीन स्वस्त खुर्ची करताना वळण शक्य तितकं कमी ठेवावं. पाय सरळ, सीट सपाट किंवा विणलेली, आणि वळण फक्त पाठीच्या एका आडव्या पट्टीत, कारण माणसाच्या पाठीला खरी गरज तिथेच असते. ती पट्टी व्हिनियरच्या थरांची करा, एवढ्याशा पट्टीला गरम प्रेस लागत नाही, एमडीएफचा (लाकडाच्या बारीक तंतूंच्या दाबलेल्या फळीचा) साचा आणि भरपूर क्लॅम्प, म्हणजे आवळून धरायचे शिकंजे, पुरतात. बाजारात मिळणारं फ्लेक्सी प्लाय मात्र यासाठी वापरू नका, ते गोल काउंटर मढवायला ठीक, त्याला स्वतःची ताकद नसते. साधा पांढरा ग्लूही नको, सतत ताण राहिला तर तो हळूहळू सरकतो, युरिया-फॉर्मल्डिहाइड किंवा इपॉक्सी ग्लू घ्या. साचा हवाय त्यापेक्षा थोडा जास्त वाकडा करा, क्लॅम्प काढले की पट्टी जराशी उघडतेच, किती उघडते ते व्हिनियरच्या जाडीवर आणि थरांच्या संख्येवर ठरतं, म्हणून पहिली पट्टी फक्त मोजण्यासाठी करायची आणि तिच्यावरून साचा घासून घ्यायचा.